२५ बचाव मोठे की एक फोरमन? हेवीवेट बॉक्सरांची क्रमवारी लावायची कशी

पंचवटीकर

१९ जुलै २०२५ ला वेम्ब्लीत उसिकने दुबोआला पाचव्या राउंडला झोपवलं, तेव्हापासून जो तो सर्वकालीन पहिल्या दहांची यादी लावतोय. बहुतेक याद्यांत नुसती मोजदाद आहे. जो लुईसने विजेतेपद २५ वेळा राखलं (२५ बचाव), म्हणून तो पहिला. मार्सियानो ४९-० (४९ विजय, शून्य पराभव), म्हणून दुसरा. मग अली.

माझी चाळणी वेगळी आहे. समोरच्याने त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत कोणाला लोळवलं होतं आणि हरल्यानंतर तो पुन्हा उभा राहिला का, एवढंच बघायचं. ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा, अली विरुद्ध फोरमन. फोरमन २५ वर्षांचा, ४० पैकी ४० जिंकलेला, त्यातले ३७ नॉकआउट. फ्रेझरला त्याने दोन राउंडमध्ये सहा वेळा खाली पाडलेलं, नॉर्टनलाही दुसऱ्याच राउंडला संपवलेलं. हे दोघंही अलीला हरवून बसलेले! त्या फोरमनला ३२ वर्षांच्या अलीने आठव्या राउंडला पाडलं. आणि हाच फोरमन १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, मूररला पाडून पुन्हा विजेता झाला. म्हणजे किन्शासातला माल अस्सल होता.

आता मार्सियानो चाळा. जो लुईस समोर आला तेव्हा ३७ चा, वॉलकॉट ३८, आर्ची मूर ३८. इझर्ड चार्ल्स तेवढा बत्तिशी-तेहेतिशीतला, पण तोही उतरणीला लागलेला. ४९-० चा आकडा सुंदर आहे, चाळणीत मात्र फार काही उरत नाही.

नाशिकरोडकर

अलीची फक्त साय काढून दाखवलीत. १९७६ च्या यादीत कोपमन आणि रिचर्ड डन पण आहेत. त्याच वर्षीचे जिमी यंग आणि तिसऱ्यांदाचा नॉर्टन, हे दोन निकाल आजही अनेकांना पटत नाहीत. जो लुईसच्या फुटकळ गड्यांवर हसायचं आणि हे विसरायचं, हा न्याय नाही.

डिसेंबर १९४० ते जून १९४१ या ७ महिन्यांत जोने ७ बचाव केले. आज विजेता वर्षात दोनदा लढला तरी कौतुक होतं. दर महिन्याला वजन, हात, भुवई सगळं जाग्यावर ठेवायचं आणि एकदाही घसरायचं नाही, हे जमवणं म्हणजेच दर्जा. त्यानंतर मार्च १९४२ ते जून १९४६ एकही बचाव नाही, कारण तो सैन्यात. अलीची साडेतीन वर्षं बंदीत गेली म्हणून सगळे हळहळतात, जोच्या चार वर्षांचं कुणी नाव काढत नाही.

आणि चुकीतून शिकणं बघायचं तर श्मेलिंग बघा. १९३६ मध्ये जो जॅब (डाव्याचा सरळ ठोसा) मारून डावा हात परत आणताना खाली सोडायचा. श्मेलिंगने ती खोड हेरली आणि त्या फटीतून उजवा घालत राहिला. बाराव्या राउंडला जो आडवा. २२ जून १९३८ ला तोच श्मेलिंग समोर. जोने फट उघडायला वेळच दिला नाही. १२४ सेकंदांत खेळ खलास.

सातपूर एमआयडीसी

दोघंही राउंडची संख्या विसरताय. तेव्हा विजेतेपदाची लढत १५ राउंडची होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये मॅन्सिनीविरुद्ध लढताना कोरियाच्या किम डुक-कूला जबर मार बसला, काही दिवसांत तो गेला. डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने १९८३ पासून १२ राउंड केले, बाकीच्या संघटना मागोमाग आल्या.

आता आजचा नियम जुन्या लढतींना लावून बघा. १९४१, जो लुईस विरुद्ध बिली कॉन: १२ राउंड संपले तेव्हा गुण देणाऱ्या दोन पंचांकडे कॉन पुढे, तिसऱ्याकडे बरोबरी. १३ व्यात कॉनला नॉकआउटची हाव सुटली आणि तोच पडला. १९५२, मार्सियानो विरुद्ध वॉलकॉट: १२ नंतर तिन्ही पंचांकडे मार्सियानो मागे, १३ व्यात एका उजव्यात वॉलकॉट गार. आजचा नियम असता तर जोची सलग २५ ची माळ तिथेच तुटली असती आणि ४९-० हा आकडाच नसता. उलट व्लादिमीर क्लिच्को किंवा उसिकला ते शेवटचे तीन राउंड कधी खेळावेच लागले नाहीत. दोन काळ एका तराजूत घालायचे तर आधी वजनं तरी सारखी हवीत.

पंचवटीकर

हा मुद्दा जोच्या विरोधात जातो की बाजूने? थकलेल्या पायांनी १३ व्यात संपवणं ही तर ताकदच झाली.

सातपूर एमआयडीसी

बाजूनेच. निकाली कुस्ती आणि गुणांवरची कुस्ती यात जो फरक तोच इथे. तालमीत बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

देवळाली कॅम्प

काळच नको असेल तर एकाच उस्तादाचे दोन पठ्ठे घ्या: लेनॉक्स लुईस (जो नव्हे, दुसरा) आणि व्लादिमीर क्लिच्को. दोघांचा कोच इमॅन्युएल स्टुअर्ड. २०२० ची महाराष्ट्र केसरीची फायनल आठवा. नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघंही काका पवारांच्या तालमीतले. डाव तेच असले की माणूस दिसतो.

सप्टेंबर १९९४ मध्ये लेनॉक्स उजवा मारायला निघाला आणि मॅकॉलचा उजवा आधी पोचला. मॅकॉलच्या कोपऱ्यात होता हाच स्टुअर्ड. लेनॉक्सने काय करावं? त्यालाच आपल्याकडे ओढलं. २००१ मध्ये रहमानपुढे पुन्हा पडला, पण ते कारण वेगळं होतं: वजन २५३ पौंडांवर, म्हणजे ११५ किलो, लढत जोहान्सबर्गजवळच्या उंचीवर आणि हा तिथे पोचला उशिरा. पाचव्यात दोरांना पाठ लावून हात खाली सोडले. नोव्हेंबरला २४६ वर उतरून आला आणि चौथ्यात हिशेब मिटवला. दोन पराभव, दोन्ही फेडलेले. व्लादिमीरने ब्रूस्टरचं उसनं फेडलं. कॉरी सँडर्सचं फेडलं ते भावाने, व्हिटालीने.

गंगापूर रोड

आणि त्याच व्हिटालीपुढे २००३ मध्ये तुमचा लेनॉक्स तिन्ही पंचांकडे ५८-५६ ने मागे होता. व्हिटालीच्या डोळ्यावरच्या जखमांमुळे सहाव्यानंतर लढत थांबवली, म्हणून वाचला. व्हिटाली ऐनवेळी बदली म्हणून आलेला. रीमॅच न देता लेनॉक्स निवृत्त. ही उधारी कोणाच्या खात्यात?

व्लादिमीरला कंटाळवाणा म्हणणाऱ्यांनी ऑक्टोबर २०१३ ची पोवेत्किनची लढत मांडून बघावी. तिन्ही पंचांकडे ११९-१०४. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, आणि दर पडण्याला एक गुण कमी. दहा राउंड १०-९, म्हणजे पोवेत्किनचे ९०. दुसऱ्यात एकदा पडला, तिथे ८. सातव्यात तीनदा पडला, तिथे ६. झाले १०४. समोर ऑलिंपिक सुवर्णवाला, अपराजित, तोही त्याच्याच मॉस्कोत. बाराच्या बारा राउंड घेतलेत. २००६ ते २०१५ या काळात १८ बचाव गंमत म्हणून होत नाहीत.

देवळाली कॅम्प

बाराच्या बारा घेतले तर १२० हवेत. ११९ का? अकराव्यात ढकलाढकलीबद्दल एक गुण कापला. त्या एका गुणातच सगळं आलं. जॅब मारायचा, पोवेत्किन आत शिरला की मिठी मारून त्याच्या मानेवर ११० किलो टाकायचे, सोडवलं की पुन्हा जॅब. कडक रेफरी असता तर असे चार गुण गेले असते.

गंगापूर रोड

किन्शासात अलीने फोरमनची मान किती वेळा खाली दाबली ते मोजा. सैल दोर आणि कोपराआड झेललेले फटके सगळ्यांना पाठ आहेत, मानेचं कोणी बोलत नाही. तेव्हा ती हुशारी, व्लादिमीरने केली की लबाडी?

देवळाली कॅम्प

मानेचं कबूल. पण अलीने दोरांवरून सुटून फोरमनला पाडलं. पोवेत्किन चारदा पडूनही शेवटच्या घंटेला उभा होता.

शिवाय दोन्ही क्लिच्को आईला दिलेल्या शब्दामुळे एकमेकांशी लढले नाहीत. शब्द पाळला, चांगलंच केलं. पण त्या दहा वर्षांतल्या सर्वोत्तम दोघांची लढत झालीच नाही. पंचवटीकरांच्या चाळणीत व्लादिमीरचा सगळ्यात मोठा दाणा आलाच नाही.

पंचवटीकर

यादी बदलतोय. अली पहिलाच. जो लुईस दुसरा. आधी चौथा ठेवला होता, पण कॉन आणि श्मेलिंगचे मुद्दे पटले. लेनॉक्स तिसरा, फोरमन चौथा, मार्सियानो सहावा. व्लादिमीर आठवा, मिठीसकट. उसिकला अजून जागा देत नाही. फ्युरीला दोनदा हरवलं हे वजनदार आहे, पण हेवीवेटमधल्या लढतीच थोड्या.

नाशिकरोडकर

पाचवा कोण?

पंचवटीकर

लॅरी होम्स. २० बचाव, ४८-० वर मायकल स्पिंक्सने अडवला. १९७८ मध्ये नॉर्टनशी १४ राउंडनंतर बरोबरीत होता, पंधराव्याने पट्टा मिळाला. सातपूरवाल्यांच्या हिशेबाने तोही १२ राउंडवाल्यांच्या वरच जातो.

सातपूर एमआयडीसी

आणि माइक टायसन? ९१ सेकंदांत स्पिंक्सला संपवलं ते?

पंचवटीकर

तोच स्पिंक्स त्यानंतर एकदाही लढला नाही. चाळणीचा दुसरा प्रश्न आठवा. नववा.