मदत हवी आहे: फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनासाठी तिथल्याच संगीतकारांचं क्लॅरिनेटवर काय वाजवू?

नमस्कार मंडळी, इथे क्लॅरिनेट वाजवणारं कुणी आहे का माहीत नाही पण विचारून बघते. मी हेलसिंकीत राहते, नोकरी आयटीतली, संध्याकाळच्या क्लासला जाऊन क्लॅरिनेट शिकतेय त्याला आता सात वर्षं झाली. आमच्या भागातल्या लायब्ररीत ५ डिसेंबरला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी, छोटा कार्यक्रम असतो. यंदा मला वीस मिनिटं दिलीत आणि अट एकच, सगळं फिनलंडच्या संगीतकारांचं हवं. पियानोवर साथीला ऑफिसमधली एक मैत्रीण आहे, ती माझ्यापेक्षा बरीच चांगली वाजवते, अडचण माझी आहे.

कुणालाही विचारा, पहिलं नाव येतं ते बर्नहार्ड हेन्रिक क्रुसेलचं, तो स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा आणि संगीतही लिहायचा. मी रोज सायकलवरून ऑफिसला जाते तो यात्कासारीचा पूलसुद्धा त्याच्याच नावाचा आहे, क्रुसेल पूल. आधी मला वाटायचं कुणी मंत्रीबिंत्री असेल! जन्म १७७५ चा, उसीकाउपुंकी गावातला. बारा-तेरा वर्षांचा असताना हेलसिंकीसमोरच्या बेटावरच्या किल्ल्यात, म्हणजे आताच्या सुओमेनलिन्नात, लष्करी बँडमध्ये लागला. हे वाचल्यावर मला माझा मामा आठवला, तो सांगलीकडे वरातीच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा (आमच्याकडे क्लॅरोनेटच म्हणायचे) आणि घरी आला की रीड (फुंकायची पातळ पट्टी) ओठात धरून ओली करत बसायचा, मी तेच बघत बसायचे. असो.

तर घोळ असा आहे. क्रुसेल जन्मला तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होतं, सोळाव्या वर्षी तो स्टॉकहोमला गेला आणि पुढचं सगळं आयुष्य तिकडेच, दरबारच्या ऑर्केस्ट्रात. मग तो फिनलंडचा म्हणायचा का? माझ्या मते हो. गदगकडे जन्मलेले भीमसेन जोशी पुण्याचे झाले म्हणून कर्नाटकचा हक्क थोडाच जातो. उसीकाउपुंकीत तर १९८२ पासून दर उन्हाळ्यात क्रुसेल सप्ताह होतो. पण त्याचे तीन कन्चर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीने एका वादकासाठीची रचना) आहेत त्यातला मला सगळ्यात आवडणारा दुसरा, एफ मायनरमधला, ओपस ५, तो त्याने रशियाच्या झारला, पहिल्या अलेक्झांडरला, अर्पण केलाय. १८०९ मध्ये फिनलंड स्वीडनकडून गेलं ते याच झारकडे, आणि १९१७ ला रशियापासूनच स्वतंत्र झालं. आता त्याच स्वातंत्र्याच्या कार्यक्रमात हा तुकडा वाजवावा का, समोर ऐंशी-ऐंशी वर्षांची माणसं बसलेली असतात, मन धजत नाही. पण त्याचं मधलं अंदान्ते पास्तोराले, म्हणजे संथ भाग, ऐकलंत तर तुम्हीही म्हणाल की हे सोडायचं कसं. पियानोला डी फ्लॅट, आपल्याला लिहिलेलं ई फ्लॅट (बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक सूर खाली वाजतं), बोटांना फार त्रास नाही पण लांब सूर धरताना माझा दम पुरत नाही, तिसऱ्या ओळीपर्यंत आवाज पातळ होतो.

दुसरा प्रश्न सिबेलियसचा, फिनलंडचा सगळ्यात नावाजलेला संगीतकार. लोकांना तो हवाच असणार. त्याच्या पहिल्या सिंफनीची (१८९९) सुरुवात एकट्या क्लॅरिनेटने होते, खाली टिंपनीची (मोठ्या नगाऱ्यांची) नुसती घरघर, मग तीही थांबते आणि क्लॅरिनेट एकटं उरतं. मला तेवढंच वाजवावंसं वाटतं. पण ते ए क्लॅरिनेटसाठी (बी फ्लॅटपेक्षा अर्धा सूर खाली वाजणाऱ्या) आहे आणि माझ्याकडे फक्त बी फ्लॅट, आणि सिंफनीतला तुकडा असा तोडून वाजवणं बरं दिसतं का?

तिसरं, नवीन काय घेऊ? माग्नुस लिंडबर्गचा २००२ चा कन्चर्टो कारी क्रीक्कूने वाजवलेला ऐकला आणि गप्प बसले, ते माझ्यासारखीचं काम नाही. काइया सारियाहोचं 'डुफ्ट' (२०१२) एकट्या क्लॅरिनेटसाठी आहे, तेही आवाक्याबाहेर वाटतं. राउतावाराचं 'सोनेत्तो' (१९६९) क्लॅरिनेट-पियानोचं आहे, सालोनेनचं 'नाख्टलीडर' (१९७८) पण. यातलं कुणी वाजवलंय का? हौशी माणसाला झेपेल असं कोणतं?

प्रतिसाद:
झारचं मनावर घेऊ नका. त्या काळी छापलेलं काही राजाला अर्पण करणं हा रिवाजच होता. उलट वाजवायच्या आधी दोन वाक्यांत सांगून टाका की हे कुणाला अर्पण होतं, लोक जास्त कान देऊन ऐकतील. एमा जॉन्सनने १९८४ ला बीबीसीची तरुण वादकांची स्पर्धा जिंकली ती हाच कन्चर्टो वाजवून. मी मधलाच भाग घेईन, पूर्ण नको. दमाचं म्हणाल तर पोटातून हवा सोडत रोज दहा मिनिटं नुसते लांब सूर धरा, आधी हळू, मग अजून हळू.

प्रतिसाद:
क्रुसेलचे दोन क्लॅरिनेटसाठी तीन ड्युएट (दोघांनी मिळून वाजवायच्या रचना) आहेत, ते विसरू नका. तुमच्या सरांना सोबत घ्या, ऐकणाऱ्यांनाही मजा येते आणि तुम्हाला मध्ये श्वास मिळतो. सिबेलियस अर्धा सूर उतरवून स्वतःच्या हाताने लिहून काढा, लिहिता लिहिता पाठ होतो. टिंपनीच्या जागी मैत्रिणीला पियानोच्या तळाच्या सुरावर ट्रेमोलो (भराभर थरथरता सूर) करायला सांगा, अगदी हलका. आणि ताई, डिसेंबरात बाहेरून आल्या आल्या वाजवायला घेऊ नका, थंडगार लाकडात गरम श्वास गेला की चीर पडते. केसमध्येच अर्धा तास राहू द्या.

मूळ लेखिका:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री सिबेलियस लिहून काढला, दोनदा चुकला, पण आता डोक्यातून जात नाहीये. सर ड्युएटला लगेच हो म्हणाले. म्हणजे आधी सिबेलियस, मग ड्युएट, शेवटी अंदान्ते, आणि झारबद्दल मी फिनिशमध्ये दोन वाक्यं पाठ करतेय. पाच-सहा मिनिटं अजून रिकामी आहेत, तिथे 'सोनेत्तो' बसेल का हे मात्र कुणी वाजवलेल्यानेच सांगावं. नोटेशन मागवायच्या आधी कळलं तर बरं होईल.