ग्रुप प्रोजेक्ट आणि नियोजनाचे पहिले धडे: तुमचे अनुभव लिहा

काल भाचीशी फोनवर बोलले. ग्रुपमध्ये पाच जण, सबमिशन तोंडावर, आणि "हे मी करणार असं मी कधी म्हटलं?" यावरून जुंपलेली. ऐकताना आमचं शेवटचं वर्ष डोळ्यांसमोर आलं. मॅडमनी पहिल्याच बैठकीत कोरा कागद पुढे सरकवला. "काय काय करणार ते नंतर. शेवटी माझ्या टेबलावर काय काय ठेवणार ते लिहा." चालणारं मॉडेल, चाचण्यांच्या नोंदी, अहवाल, सादरीकरण. मग यातल्या प्रत्येक गोष्टीचे तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्यापुढे एकच नाव. कोणी दोन नावं लिहिली की मॅडम लाल पेनाने एक खोडायच्या. याला वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर म्हणतात हे पुढे कळलं. नोकरीत आता सॉफ्टवेअर आहेत, तरी माझी सुरुवात कागदानेच होते.

तुम्ही हे कुठे शिकलात?

*रानपाखरू*
एकच नाव!! अगदी अगदी. खोडलेल्या नावाचा माणूस किती खूश होत असेल 😀

*कडेलोट*
आमच्या सरांनी गँट चार्ट भिंतीवर लावायला लावला होता. तारखांखाली प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी, आजच्या तारखेवर दोरा. दर सोमवारी दोरा सरकवायचा. दोऱ्याच्या डावीकडे रिकामी पट्टी राहिली की कोणी काही बोलायची गरजच नसे. चार्ट हेन्री गँट यांच्या नावाने ओळखतात, पण पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ मध्येच तशा धर्तीचा तक्ता तयार केला होता. सर हे फार रंगवून सांगायचे. त्यांचा तास कधी चुकवावासा वाटला नाही. बाकी नंतर लिहितो, गाडीत आहे.

*मृदगंध_*
मी एकटीने केला होता अख्खा प्रोजेक्ट. बाकीचे तिघे फक्त सादरीकरणाला उगवले. वाचून पुन्हा चीड आली.

*रानपाखरू*
@मृदगंध_ अगं बाई. 🫂

*अथांग२*
विषयाला धरून नाही, पण भाची कोणत्या शाखेला? माझा लेक मेकॅनिकलला आहे, त्याला अजून गाईडच मिळेना.

*सायली (धागाकर्ती)*
@अथांग२ तीही मेकॅनिकलच! व्यनि करते.

*नवशिका*
परवा पेपर आहे म्हणून विचारतो. क्रिटिकल पाथ म्हणजे सगळ्यात महत्त्वाची कामं ना?

*जुनाजाणता*
नाही रे बाळा. एकमेकांवर अडलेल्या कामांची सगळ्यात लांब साखळी. प्रश्नावलीला मंजुरी १० दिवस, मग सर्वेक्षण ७, मग विश्लेषण ५, मग अहवाल ६. झाले २८. त्याच वेळी दुसरीकडे संदर्भवाचन ८ आणि त्यावरचं टिपण ४, म्हणजे १२. अहवालाला दोन्ही लागतात. पहिली बाजू २२ दिवसांनी तयार होणार, म्हणून वाचनाला १० दिवसांची सवड आहे. तिला फ्लोट म्हणतात. मंजुरीला मात्र शून्य सवड. सहीचा कागद एक दिवस पडून राहिला की सबमिशन एक दिवस पुढे. आता सांग, सही महत्त्वाची वाटली होती का?

पेपरात इतिहास विचारला तर: ही पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड यांच्या माणसांनी बसवली. पर्ट ही नियोजनाची तशीच दुसरी पद्धत १९५८ ची, अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी.

*नवशिका*
बापरे, इतकं सरळ आहे? पुस्तकात बाणच बाण आहेत नुसते. खूप आभार काका 🙏

*मृदगंध_*
चीड ओसरली, आता मुद्द्याचं लिहिते 🙂 पुढे मास्टर्सला तीन अंदाजांची पद्धत शिकले आणि ती जन्माची उपयोगी पडली. सगळं सुरळीत झालं तर २ दिवस, बहुधा ४, सगळंच अडलं तर १२. मधल्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज, भागिले सहा. येतात ५. मला त्या उत्तरापेक्षा "सगळंच अडलं तर?" हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो ते जास्त आवडतं. गप्प बसणारी मुलंही त्यावर बोलतात. आमच्यातल्या एकीने तेव्हाच सांगितलं की तिच्या घरी आजारपण आहे. तिचं काम आम्ही आधीच वाटून घेतलं.

*रानपाखरू*
हे किती छान. आहे का संपर्कात ती?

*मृदगंध_*
हो तर! आत्ताच तिला हा धागा पाठवला.

*कडेलोट*
पोचलो. @सायली, भाचीला सांगा, आता ऐनवेळी ग्रुपमध्ये सहावा भिडू घेऊ नका. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या १०, सहांत १५. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. त्यापेक्षा काय गाळता येईल ते आज गाईडला विचारा. वेळ हातात असताना विचारलं की गाईड बहुधा ऐकतात.

*सायली (धागाकर्ती)*
सहावा घ्यायचं खरंच चाललं होतं! लगेच कळवते तिला.

*नवशिका*
काका, फ्लोटचं अजून एक गणित अडलंय. इथेच टाकू?

*जुनाजाणता*
टाक की. जेवून येतो, मग बघू.