तांब्याचं बारूददान ऑनलाइन घ्यायचंय, अस्सल की नक्कल कसं ओळखू?

नवसंग्राहक:
लिलावाच्या साइटवर एक बारूददान (बंदुकीची दारू ठेवायची जुनी कुपी) दिसलंय. अंगावर शिकारी कुत्र्याचं उठावकाम, तोंडाशी पितळी माप, 'जेम्स डिक्सन अँड सन्स, शेफील्ड' असा ठसा. विकणारा १८५० च्या आसपासचं म्हणतो. फोटो चारच, तेही सगळे समोरून. आणखी काय मागवू?

सांधेपारखी:
ठसा सगळ्यात शेवटी बघा; डिक्सनचं नाव नकलांवरही असतं. आधी कडेच्या सांध्याचा जवळून फोटो मागवा. अशी बारूददानं पातळ पत्र्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबून, डाख देऊन जोडलेली असतात. चांगल्या कामात सांधा घासून इतका सपाट केलेला असतो की शोधावा लागतो. जाड, ओघळलेला डाख दिसला तर एकतर नक्कल, नाहीतर नंतरची दुरुस्ती.

मग तिरक्या उजेडातला उठावकामाचा फोटो. खरी गोम इथे आहे. वापराने झिजतो तो फक्त उंच भाग. खोलातल्या रेघा, म्हणजे गवताची पाती, कुत्र्याच्या पोटाखालची कड, तशाच धारदार राहतात. अस्सल वस्तूवरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत मात्र उंच-खोल सगळंच बुजलेलं दिसतं. 'वापरून झिजलंय हो' हे उत्तर तिथे चालत नाही.

पितळवेडा:
ठशात 'इंग्लंड' शब्द आहे का पाहा. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. तो शब्द असेल तर १८५० चा दावा डळमळतो.

स्क्रूला अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो १९३० च्या दशकाच्या आधीचा नाही. एखादाच वेगळा असेल तर बदललेला समजा, सगळेच तसे असतील तर विषय संपला. शॉटगनच्या इंग्रजी बारूददानाचं माप सहसा ड्रॅममध्ये असतं (२¼, २½, २¾, ३). एक ड्रॅम साधारण १.७७ ग्रॅम. लोहचुंबक लावून व्हिडिओ मागवा: तोंडाशी असलेल्या पोलादी स्प्रिंगला चिकटेल, अंगाला चिकटता कामा नये.

नवसंग्राहक:
फोटो आले. सांधा बारीक आहे, पण काळपटपणा सगळीकडे एकसारखा. स्प्रिंगखालीसुद्धा.

सांधेपारखी:
मग रंग बहुधा रसायनाने चढवलाय. हात लागतो तिथे तांबं उजळ राहतं आणि खोबणीत काळं साचतं. सरसकट एकच छटा सहसा येत नाही. सांधा चांगला असल्यामुळे वस्तू जुनी आणि रंग नवा, असंही असू शकतं. तोंडाची पितळी कडी सहज फिरत असेल तर काढून आट्यांचा फोटो मागा. अडकली असेल तर जोर लावायला सांगू नका, पत्रा पिळवटतो.

पितळवेडा:
हातात आल्यावर आधी आत बंदुकीची दारू शिल्लक आहे का बघा. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. खरवडू नका, पाणी भरून ठेवा. दारूतला सोरा विरघळला की ती निकामी होते. तोवर पोचा काढायला उष्णता देऊ नका. आणि पैसे भरण्याआधी 'नक्कल निघाल्यास परत घेऊ' हे लेखी घ्या.