चेहऱ्यावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नका

मॅडेलीन मॅकॅन ही ब्रिटिश मुलगी बेपत्ता झाल्याच्या प्रकरणात जर्मन पोलिसांनी २०२० मध्ये जो नवा संशयित जाहीर केला, त्याच्याबद्दल या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय की फोटो बघूनच कळतं, हाच तो. मला हे अजिबात पटत नाही. मे २००७ मध्ये पोर्तुगालच्या प्राइया दा लूझमधून ती तीन वर्षांची पोर नाहीशी झाली, तेव्हा तिथेच राहणाऱ्या एका ब्रिटिश माणसाबद्दलही लोक असंच छातीठोक बोलत होते. पुढच्याच वर्षी तो संशयमुक्त झाला, आणि बदनामीपोटी ब्रिटिश वृत्तपत्रांना त्याला सहा लाख पौंड द्यावे लागले. मॅडेलीनच्या सख्ख्या आईवडिलांनाही पोलिसांनी संशयित ठरवलं होतं. तेही मागे घ्यावं लागलं.

आपल्याकडे तर जीवच जातात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच सुमारास आमच्या धनकवडीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर एका भंगारवाल्याचा फोटो फिरला, "पोतं बघा याचं". मी धावत खाली गेले. त्याला पोतं रिकामं करायला लावलं होतं. रद्दी, दोन पत्र्याचे डबे आणि लहान मुलीची निळी चप्पल, नवीकोरी, दोऱ्याने बांधलेली. त्याच्या लेकीसाठी घेतलेली. हात इतके थरथरत होते त्याचे की डबे उचलता येईनात.

खरंच काही दिसलं असेल तर ११२ (पोलीस) किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) ला फोन करा. फोटो पुढे ढकलू नका.