गांधीलमाशीच्या मेंदूतलं जनुकांचं जाळं: २४ सॅम्पलमध्ये काय जमेल?

केतकी_प
रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीच्या राणीत नि कामकरीत दिसायला फरक नसतो. राणी काढली की अर्ध्या तासातच एक कामकरी भयंकर आक्रमक होते आणि पुढे तीच राणी बनते. या वारसदारणीच्या मेंदूतलं सहअभिव्यक्तीचं जाळं (कुठली जनुकं एकत्र चढतात-उतरतात त्याचा नकाशा) काढून मधमाशीशी ताडायचं आहे. पैसे २४ आरएनए सॅम्पलपुरते आहेत. ८-८ चे तीन गट करू का? सबंध डोकं घेतलं तर चालेल?

मोहोळ
सबंध डोकं नको. त्यात डोळे आणि ग्रंथी येतात, आणि मग मॉड्युल (एकत्र वागणाऱ्या जनुकांचा गट) मेंदूचं नव्हे तर ग्रंथींचं निघतं. माशी घरट्यावरून उचलली की थेट द्रव नायट्रोजनमध्ये. पिशवीत तडफडत ठेवली तर ताणाला लगेच प्रतिसाद देणारी जनुकं चढतात. मेंदू गोठलेल्या अवस्थेतच, ड्राय आइसवर सोडवा.

गट चार करा. राणी काढलेली ६ घरटी: प्रत्येकातून वारसदारीण आणि तिच्याच वयाची एक कामकरी. राणी असलेली ६ घरटी: राणी आणि एक कामकरी. झाले २४. वय कळायला कोशातून बाहेर पडल्याच्या दिवशीच पाठीवर रंगाचा ठिपका हवा. वय जुळलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ, कारण वयामुळे बदलणारी जनुकं पदामुळे बदलली असं वाटतं.

वारसदारीण राणी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी पकडा. आठवडाभर थांबलात तर अंडाशय फुगलेलं असतं. मग आक्रमकपणा कुठला आणि प्रजनन कुठलं, हे वेगळं काढता येत नाही.

आर_वाला
आरआयएनचा (आरएनए किती शाबूत आहे त्याचा) आकडा बघून सॅम्पल फेकू नका. बऱ्याच कीटकांचा २८एस आरएनए (रायबोसोमचा एक मोठा आरएनए) गरम केल्यावर मधोमध तुटतो, त्यामुळे धडधाकट आरएनएही कुजका दिसतो. सॅम्पलमागे २ ते ३ कोटी रीड-जोड्या (सिक्वेन्सरने वाचलेले तुकडे) पुरतात.

डब्ल्यूजीसीएनए या जाळं काढणाऱ्या आर पॅकेजला किमान १५ सॅम्पल लागतात, २० च्या पुढे बरं. डीसेक२ पॅकेजमधून व्हीएसटी (आकड्यांचा चढउतार सारखा करणारं रूपांतर) करून घ्या, साइन्ड जाळं (एकाच दिशेने बदलणारी जनुकंच जोडणारं), पॉवर (सहसंबंधाला द्यायचा घातांक) १६ च्या आसपास. पॉवर ३० पर्यंत नेऊनही आर-वर्ग (जाळं अपेक्षित आकाराशी किती जुळतं ते) ०.८ ला पोचत नसेल तर पॉवरशी खेळत बसू नका, पीसीए (कुठली सॅम्पल एकमेकांपासून वेगळी पडतात ते दाखवणारं विश्लेषण) काढा. बहुतेक वेळा बॅच (एकाच वेळी तयार केलेल्या सॅम्पलचा गट) दोषी असते. म्हणून सिक्वेन्सिंगसाठी लायब्ररी बनवतानाच चारही गट प्रत्येक बॅचमध्ये मिसळा. ब्लॉकचा (एका वेळी हाताळायच्या जनुकांचा) आकार मूळ ५००० असतो, तो एकूण जनुकांपेक्षा मोठा ठेवा. नाहीतर जाळ्याचे परस्पर तुकडे होतात.

केतकी_प
आभार! मधमाशीशी तुलना कशी करू? दोन्हीकडच्या बदललेल्या जनुकांच्या याद्या जुळवू?

मोहोळ
याद्या जुळवून फार काही हाती लागत नाही. खरी गंमत जोडण्यांत आहे. मधमाशीत जुवेनाइल हार्मोन वाढलं की कामकरी चारा आणायला लवकर बाहेर पडते आणि व्हायटेलोजेनिन (अंड्यातल्या बलकाचं प्रथिन) उतरतं. दोघं एकमेकांना दाबतात. रोपॅलिडियात तेच हार्मोन अंडाशय वाढवतं आणि वयानुसार कामं बदलण्यावर परिणाम करत नाही, हे २००३ मध्ये दाखवलं गेलंय. जनुकं तीच, तार दुसरीकडे जोडलेली.

म्हणून पोटातला मेदपिंड (चरबी साठवणारा अवयव) फेकू नका, वेगळ्या नळीत उणे ८० वर ठेवा. व्हायटेलोजेनिन मुख्यतः तिथे बनतं. नुसत्या मेंदूवरून ही जोडणी दिसणार नाही. त्याच माशीच्या मेदपिंडात केआर-एच१ (जुवेनाइल हार्मोनला प्रतिसाद देणारं जनुक) आणि व्हायटेलोजेनिन क्यूपीसीआरने (एकेका जनुकाचं प्रमाण मोजायची पद्धत) मोजा. सिक्वेन्सिंगपेक्षा खूप स्वस्तात होतं.

आर_वाला
तुलनेसाठी ऑर्थोफाइंडर या प्रोग्रॅमने दोन्ही जातींत एकास-एक जुळणारी जनुकंच घ्या, मग मॉड्युल प्रिझर्व्हेशन (एका जातीतलं मॉड्युल दुसरीत टिकलंय का याची चाचणी), २०० क्रमबदल. झेड-समरी (त्या चाचणीचा एकूण गुण) १० वर असेल तर मॉड्युल टिकलंय, २ खाली तर पुरावा नाही. पण मोठ्या मॉड्युलला झेड आपोआप जास्त मिळतो, तेव्हा मीडियन रँकही (आकारावर कमी अवलंबून असलेला क्रमांक) बघा. आणि दोन जातींच्या तुलनेवर 'उत्क्रांतीत असं घडलं' असं लिहू नका. सार्वजनिक डेटातून पॉलिस्टिससारख्या गांधीलमाशीची तिसरी जात घ्या. नाहीतर बदल मधमाशीकडे झाला की गांधीलमाशीकडे, तेच ठरत नाही.

केतकी_प
सरावाच्या डेटावर डब्ल्यूजीसीएनएचं ब्लॉकवाइज मॉड्युल्स हे फंक्शन 'अनयूज्ड आर्ग्युमेंट्स' म्हणून थांबतंय.

आर_वाला
दुसऱ्या पॅकेजचं कॉर (सहसंबंध काढणारं) फंक्शन आड येतंय. आधी डब्ल्यूजीसीएनएचं कॉर त्या नावाला द्या, काम झालं की स्टॅट्स पॅकेजचं परत लावा.