सांदण दरीत घड्याळ की हातातला जीपीएस?
ट्रेकला जीपीएसवाल्या घड्याळापेक्षा हातात धरायचं वेगळं जीपीएस यंत्र केव्हाही अचूक, असं म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. मोकळ्या पठारावर दोघांचे ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेच्या नोंदलेल्या रेघा, जवळपास एकमेकांवर बसतात. खरी परीक्षा सांदण दरीत. दोन्हीकडे उभा कातळ, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. उपग्रहाचा सिग्नल कड्यावर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्राला वाटतं, अंतरच जास्त आहे. माझ्या हातातल्या जुन्या यंत्राची रेघ तिथे चक्क कड्याच्या पोटातून गेली. मित्राच्या घड्याळाची बरीचशी दरीतच राहिली. कारण त्यात एल१ आणि एल५ या जीपीएस उपग्रहांच्या दोन फ्रिक्वेन्सींपैकी एल१ च्या १५७५.४२ मेगाहर्ट्झसोबत एल५ चा ११७६.४५ मेगाहर्ट्झचा सिग्नलही घेतला जातो, आणि एल५ वर थेट आलेला सिग्नल आणि आपटून आलेला यांतला फरक जास्त स्पष्ट कळतो.

हातातल्या यंत्राचा अँटेना मोठा असतो हे खरंच, पण ते सॅकच्या आत कोंबलं तर त्याचा काय उपयोग? खांद्याच्या पट्ट्यावर, आभाळाकडे तोंड करून लावा. आणि जागेची नोंद किती वेळाने घ्यायची हे सेटिंग 'ऑटो'वर ठेवू नका, दर सेकंदाला घ्या. नाहीतर नागमोडी वाटेची वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. तुम्ही अशी तुलना केली तर दोन्ही यंत्रांची ही सेटिंग्ज काय होती, तेही कृपया लिहा.