प्रेअरीतली तळी मारतंय कोण, दुष्काळ की निचऱ्याचा पाइप?

गवताळ
परवा इथे कुणी लिहिलं की 2021 च्या दुष्काळात अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातली पॉटहोल (खळग्यांतली उथळ तळी) आटली, म्हणजे प्रेअरीची, उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानाची, पाणथळ जमीन हवामानबदलाने संपत आली. इतकं अर्धवट लिहिलेलं वाचून गप्प बसवत नाही. हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या चिकणमातीतल्या या खळग्यांना आटणं नवीन नाही. पाणकणसासारख्या काठावरच्या वनस्पतींचं बी उघड्या चिखलावरच नीट रुजतं. तळ उघडा पडला की साचलेला पालापाचोळा हवेत कुजतो, आणि पाणी परत आलं की त्याच खतावर किडे-गोगलगायींची झुंबड उडते. मादी बदकाला अंड्यांसाठी लागणारं प्रथिन तिथून येतं. 1988 ते 1992 चा दुष्काळ लांबला होता, पण 1993 पासून पाणी आलं आणि बदकंही वाढली. 2021 नंतरही एप्रिल 2022 च्या हिमवादळांनी बरीच तळी भरली. वाईट असतं ते तळं वर्षानुवर्षं एकाच पातळीला तुंबून राहणं. मग संकरित पाणकणीस सगळं व्यापतं आणि बदकांना उघडं पाणी उरत नाही.

हिमरेषा
आटणं-भरणं हवं, मान्य. पण भरतं कशाने ते तुम्ही सोडून दिलंत. उन्हाळी पाऊस बहुतेक माती आणि पीक पिऊन टाकतात. तळ्यात पाणी येतं ते मुख्यतः वसंतात, गोठलेल्या जमिनीवरून वाहणाऱ्या बर्फाचं. शरदात माती ओली राहिली तर गोठताना भेगा-छिद्रांत बर्फ भरतो आणि वितळलेलं पाणी खळग्यात उतरतं. शरद कोरडा गेला तर तेवढाच बर्फ पडूनही पाणी भेगांत जिरतं. आता हिवाळ्यात मधेच ऊब आली की बर्फ थोडा-थोडा वितळून जातो आणि एप्रिलसाठी साठाच राहत नाही. वर उन्हाळा तापला की बाष्पीभवन वाढतं, आणि उघड्या पाण्यावरून ते इथे तसंही पावसापेक्षा जास्तच असतं. जुलैअखेर टिकणारं तळं जूनमध्ये आटलं, तर उडता न येणाऱ्या पिल्लांनी जायचं कुठे? 2005 च्या मॉडेल-अभ्यासात बदकांना सोयीचा पट्टा पूर्वेला, आयोवा-मिनेसोटाकडे सरकताना दिसला. आणि आयोवातली जवळजवळ 90 टक्के पाणथळ जमीन आधीच, निचऱ्यापायी, गेलेली आहे.

बांधावरचा
म्हणजे शेवटी आपण निचऱ्यापाशीच आलो! सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप पुरतात ना, तसेच पाइप तिकडे तीन-चार फुटांवर टाकतात. तळ्यात घालायचीही गरज नसते. काठापासून थोड्या अंतरावर पाइप गेला तरी भूजल खाली बसतं आणि हंगामी तळं लवकर कोरडं पडतं. दोष जातो दुष्काळाला. अमेरिकेच्या 1985 च्या शेती कायद्यातली पाणथळ-रक्षणाची अट सरकारी लाभ घेणाऱ्यांनाच लागू, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या सॅकेट निकालानंतर एकाकी, म्हणजे नदी-ओढ्याला न जोडलेल्या, तळ्यांना केंद्रीय जलकायद्याचं रक्षण जवळजवळ उरलंच नाही.

नांगरधारी
शेतकऱ्याला झोडपणं सोपं आहे. साठ फुटी पेरणीयंत्र प्रत्येक खळग्याला वळसा घालतं तेव्हा बी-खत दुहेरी पडतं, कोपरे सुटतात, ओल्या कडेला पेरणी आठवडाभर रखडते. त्यात काठाला पांढरी क्षाराची कड आली की ती पट्टी कायमची गेली. निचरा तो हौसेनं करत नाही.

बांधावरचा
ती पांढरी कड का येते तेही सांगा की. काठावरचं गवत आणि वाळुंज काढून थेट पाण्यापर्यंत नांगरलं, की भूजल ओढून घेणारी मुळं नाहीशी होतात. पाणी मातीतून वर चढतं, उडून जातं आणि क्षार मागे राहतो. ती पट्टी तळ्याने खाल्ली नाही, नांगराने खाल्ली!

आणि वरच्या वीस लहान तळ्यांना चर मारून पाणी खालच्या एका मोठ्या तळ्यात सोडतात, त्याचं काय? ते तळं खोल होतं, आटायचं थांबतं. मासे हिवाळा काढतात आणि बदकांचे किडे खाऊन टाकतात. साठवण गेली की पुराचं पाणी अडत नाही. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या स्मिथ क्रीक खोऱ्यात 1958 साली 24 टक्के पाणथळ जमीन होती, पन्नास वर्षांत ती 11 टक्क्यांच्या आसपास आली. मॉडेलने दाखवलं की 1958 ची तळी परत असती तर 2011 च्या पुराचं शिखर सुमारे 32 टक्क्यांनी उतरलं असतं.

हिमरेषा
तिथेही पाऊस विसरू नका. त्याच खोऱ्यात 2014 चा मोठा पूर उन्हाळी पावसाने आणला, बर्फाने नव्हे. नॉर्थ डकोटातलं डेव्हिल्स लेक हे सरोवर 1993 ते 2011 मध्ये 30 फुटांहून जास्त चढलं, तेही मुळात ओल्या वर्षांच्या रांगेमुळे. सगळं पाइपांवर ढकलाल तर पुढच्या ओल्या दशकाची तयारीच होणार नाही.

गवताळ
‘सगळं’ कुणी म्हटलं? माझं वाक्य पुन्हा वाचा: आटणं नवीन नाही, वाईट आहे ते एकाच पातळीला तुंबून राहणं.

नांगरधारी
मग सेंट डेनिसचंही बोला. सस्कॅचवानमधल्याच सस्काटून शहराच्या पूर्वेला 1983 मध्ये शेत मोडून कायमचं ब्रोम गवत लावलं. काही वर्षांत त्या भागातली तळी आटली आणि शेजारच्या पिकातली भरत राहिली. पाइप नाही, चर नाही. गवताने बर्फ उंचावरच धरला, मुळांच्या वाटांनी पाणी गोठलेल्या मातीतही जिरलं. म्हणजे गवत लावा म्हणणाऱ्यांनीच तळी सुकवली.

बांधावरचा
हे खरं आहे, खोडता येत नाही. पण ते उंच, दाट, न चरलेलं ब्रोम होतं. चराई होणाऱ्या देशी प्रेअरीला तोच निकाल लावू नका.

गवताळ
नांगरधारींचा मुद्दा घेतो, मनात नसलं तरी. उंचवट्यावरचं गवत पाणी अडवू शकतं, तेव्हा ते अधूनमधून चरायला किंवा कापायला हवं. पण चर बुजवायचं ठरलं तर सुरुवात वरच्या लहान, उथळ खळग्यांपासून करा. वसंतात तेच आधी वितळून तापतात, किडे तिथे आधी निघतात. चरात नुसती माती लोटू नका. तळाची सैल माती काढून चिकणमाती थराथराने दाबा आणि माथा तळ्याच्या सांडपातळीच्या (जिथून भरलेलं पाणी बाहेर वाहू लागतं) वर ठेवा. जमिनीखाली पाइप असेल तर नुसतं तोंड बंद करून चालत नाही. मधला लांब तुकडा उपटून दोन्ही टोकं बंद करा, नाहीतर पाणी त्याच जुन्या खाचेतून वाट काढतं आणि दोन वर्षांनी पुन्हा कुणीतरी दुष्काळाच्या नावाने पोस्ट टाकतं.

हिमरेषा
आणि सांडपातळी ठरवताना 1988-92 सारख्या कोरड्या वर्षांची मोजमापं घेऊ नका. 1993 नंतरच्या ओल्या वर्षांत पाणी कुठवर चढलं होतं, ती रेषा आधी शोधा.